हॅलोताई आणि सत्तेचाळीस नंबर

लोकांना फोन करून ते जिवंत आहेत का हे विचारायचा माझ्या मावशीला पगार मिळायचा. हे शब्द माझे. तिच्यासमोर असं बोलायची सोय नव्हती. ती या कामाला 'पाठपुरावा' म्हणायची, आणि तो शब्द उच्चारताना चष्मा नाकावर नीट बसवायची.

त्याआधी सव्वीस वर्षं ती त्याच हॉस्पिटलच्या टेलिफोन बोर्डावर होती. मग एके दिवशी यंत्र आलं. 'हृदयविभागासाठी दोन दाबा' असं सांगणारी एक बाई त्या यंत्रात राहायला आली आणि मावशीची खुर्ची गेली. त्या बाईवर मावशीचा कायमचा राग. बाईला श्वास कुठे घ्यायचा ते कळत नाही, घाबरलेल्या माणसाला दोन दाबायचं सुचतं तरी का, असं ती भेटेल त्याला ऐकवायची. आता हिला बसवायचं कुठे, असा प्रश्न ऑफिसला पडला होता. तेवढ्यात हृदयविभागाच्या डॉक्टरबाईंनी मागणी केली की मला एक फोन करणारं माणूस द्या. फोन म्हटल्यावर मावशीच.

डॉक्टरबाईंचं संशोधन चाललं होतं. हार्ट अटॅक येऊन दाखल झालेल्या माणसाच्या रक्ताची एक नळी तिसऱ्या दिवशी सकाळी घ्यायची. हृदयाच्या स्नायूला इजा झाली की त्यातलं एक प्रथिन रक्तात झिरपतं. हृदयाच्या भिंतीवर ताण आला की आणखी एक प्रथिन रक्तात वाढतं. ही प्रथिनं मोजून पुढच्या वर्षाचा अंदाज बांधता येतो का, कोण बरा राहील, कोण धापा टाकत परत येईल, कोण परत यायलाही उरणार नाही, हे त्यांना शोधायचं होतं. एकूण दोनशे बारा पेशंट. त्यांचं रक्त खाली लॅबच्या फ्रीजरमध्ये, आणि माणसं आपापल्या घरी. रक्ताकडे लॅबवाला बघणार, माणसांकडे मावशी. घरी गेल्यावर एका महिन्याने पहिला फोन, मग तिसऱ्या, सहाव्या, नवव्या आणि बाराव्या महिन्यात एकेक. फॉर्मवर नऊ प्रश्न, पुढे हो किंवा नाही.

एक नियम मात्र डॉक्टरबाईंनी पहिल्याच दिवशी सांगितला. कुणाचा आकडा किती आला हे फोन करणाऱ्याला कळता कामा नये. मावशीने विचारलं, का बरं? डॉक्टरबाई वयाने तिच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान, बोलणं मोजून-मापून. त्या एवढंच म्हणाल्या, "कळलं की ते आवाजात उतरतं, ताई."

मावशीला हे पटलं नाही. आवाज या विषयात तिला कुणी शिकवावं हेच मुळी तिला पटत नसे.

फॉर्मवरचा पहिलाच प्रश्न होता, 'रुग्ण हयात आहे का?' हा प्रश्न कुणाच्या घरी फोन करून कसा विचारायचा यावर तिने आठवडा घालवला. काकांना पलीकडच्या खोलीत बसवून तालीम केली. काका म्हणजे तिचे यजमान, विजेचे मीटर वाचून निवृत्त झालेले. त्यांनी तिच्या प्रत्येक फोनला 'नाही, वारले' असं उत्तर दिल्यामुळे तालीम बंद पडली. शेवटी तिने स्वतःची रीत काढली. एक लांबट, मऊ 'हॅलो', आणि मग, "घरी सगळे बरे ना?" उत्तर यायला जो वेळ लागतो त्यावरून तिला कळायचं. चटकन तक्रार सुरू झाली तर पेशंट उत्तम. त्या हॅलोवरूनच पेशंट तिला हॅलोताई म्हणायला लागले.

बाकीचे आठ प्रश्न पाच मिनिटांत उरकावेत असं फॉर्म छापणाऱ्याला वाटलं असणार. मावशीचा एकेक फोन वीस मिनिटं चालायचा. रात्री झोपताना डोक्याखाली किती उशा लागतात, हा पाचवा प्रश्न. आडवं पडल्यावर दम लागत असेल तर माणूस उशा वाढवतो, म्हणून तो विचारायचा. मावशीच्या फॉर्मवर तिथे लिहिलेलं असे, 'दोन. पैकी एक मांजरीची', किंवा 'एक, परंतु सुनेशी भांडण झाल्यापासून झोपच नाही'. डॉक्टरबाई तो फॉर्म लाल शाईत परत पाठवायच्या. उशी एक की दोन? मावशी पुन्हा फोन करायची आणि भांडण मिटलं का तेही विचारून घ्यायची.

या दोनशे बारांत सत्तेचाळीस नंबरवर एक टेलरमास्तर होते. कोट शिवण्यात त्यांचा हातखंडा होता. दुकान घराच्या खालीच. त्यांची बायको तिथेच काज-बटणाला बसायची. कसंही विचारा, मास्तर मापात उत्तर द्यायचे. किती चालता? तर दुकानापासून कोपऱ्यावरच्या टपालपेटीपर्यंत चारशे दहा पावलं. आणि एकशे बारा नंबरवर एक कोच होते, तलावावर पोहायला शिकवणारे. भरदार आवाज. फोन उचलला की म्हणायचे, "ठणठणीत, ताई. पुढचा पेशंट घ्या."

पाचव्या महिन्यात लॅबवाल्याने घोळ घातला. आकड्यांचा कागद डॉक्टरबाईंना द्यायचा म्हणून तो आला, त्या नव्हत्या, तर त्याने तो मावशीच्या टेबलावर ठेवला आणि चहाला गेला. त्याच्या मते त्यात धोका काहीच नव्हता. कागदावर नावं नव्हतीच, एका बाजूला पेशंटचा नंबर, दुसऱ्या बाजूला ताणाच्या प्रथिनाचा आकडा. पण जिने सव्वीस वर्षं हॉस्पिटलमधल्या प्रत्येक फोनचा नंबर तोंडपाठ ठेवला, तिला हे दोनशे बारा नंबर म्हणजे घरची माणसं. पुढे ती सांगायची की कागद उघडाच पडला होता, मी काय डोळे मिटून बसू? मिटता आले असते, असं काकांचं मत. पण मावशीने पान उलटून मागचीही बाजू वाचली होती, त्यामुळे वाद फार ताणला गेला नाही.

एकशे बारा, दोनशे नव्वद. सत्तेचाळीस, आठ हजार एकशे चाळीस. सगळ्या कागदावर एवढा मोठा आकडा दुसरा नव्हता.

त्या दिवशी ती घरी आली आणि गप्प बसली. हीच गोष्ट एवढी अजब होती की काकांनी हातातलं वर्तमानपत्र खाली ठेवलं. तिने नियमाप्रमाणे नाव सांगितलं नाही, आकडाही सांगितला नाही. एक माणूस आहे, त्याला माहीत नाही आणि मला माहीत आहे, एवढंच बोलली. काका म्हणाले, "मी बत्तीस वर्षं आकडा बघितला, वहीत टिपला आणि पुढच्या दाराची बेल वाजवली. आकड्याच्या घरात जाऊन बसलो नाही."

मावशी म्हणाली, मीटरला बायको नसते.

पुढच्या मंगळवारी तिने मास्तरांना फोन केला. नियमाने फोन सात आठवड्यांनी करायचा होता. फॉर्मवरचं एक अक्षर लागत नाही, अशी सबब तिने सांगितली. त्याच्या पुढच्या मंगळवारी दुसरं अक्षर लागेना. तिसऱ्या मंगळवारी सबबी संपल्या, पण तोवर मास्तरच फोनची वाट बघायला लागले होते. कुणी आपल्या उशांची चौकशी करतं हे त्यांना आवडलं होतं. उलट कोचना ती फोन करायची तो ठरलेल्या दिवशी, आणि दोन मिनिटांत मोकळी व्हायची. तिकडे काळजीच नव्हती.

मास्तरांच्या बायकोला मात्र काळजी लागली. दर मंगळवारी दुपारी फोन येतो, नवरा मशीन थांबवतो, पाठ फिरवून हळू आवाजात बोलतो आणि नंतर गुणगुणत कापड कापतो. चौथ्या मंगळवारी ती काज अर्धवट टाकून थेट हॉस्पिटलात आली आणि 'ती हॅलोवाली' कुठे बसते असं विचारत विचारत वर पोचली. समोर मावशी. वय वर्षं सत्तावन्न, चष्मा दोरीने गळ्यात, पायातल्या चपला काढून पाय स्टुलावर ठेवलेले, कानाला फोन, आणि कुणालातरी बद्धकोष्ठावर उपाय सांगणं चाललेलं. बाई दारात उभी राहिली आणि हसायला लागली. मावशीला कारण कळलं तेव्हा ती आधी रागावली, मग तिला बरंही वाटलं. आपल्यावर कुणाला असा संशय यावा, ही गोष्ट तिने महिनाभर काकांना ऐकवली. दोघींची मात्र गट्टी जमली. पुढच्या मंगळवारपासून फोन बायकोच उचलायला लागली. मास्तरांना त्यांची पाळी मागून मिळे.

आणि म्हणूनच पुढची गोष्ट कळली. एका मंगळवारी बोलता बोलता बाई म्हणाली की हल्ली ह्यांची तब्येत सुधारलीय. आठ दिवसांत कंबर दीड इंच वाढली, स्वतःच्याच पँटची शिवण उसवून सैल करून घेतली. भूक आहे का? नाही, तीच नाही. बूट होतात का? तेही घट्ट झालेत, चपला घालतात. न जेवता माणूस दीड इंच वाढतो तेव्हा ते मांस नसतं, पाणी असतं, हे तिला नऊ प्रश्नांनीच शिकवलं होतं. तिने मास्तरांना फोनवर घेतलं. उशा किती? मास्तर म्हणाले, उशांची गरजच राहिली नाही आता, दोन दिवस खुर्चीतच डुलकी काढतो, म्हणजे सकाळी मशीनवर लवकर बसता येतं.

मावशी म्हणाली, "मास्तर, हातातलं खाली ठेवा आणि आत्ता निघा."

ते म्हणाले, शनिवारी एक कोट द्यायचाय, रविवारी येतो.

"शनिवारी कोट द्यायला दुसऱ्या कुणाला तरी यावं लागेल," मावशी म्हणाली.

मग तिला दुकानाचं शटर खाली ओढल्याचा आवाज आला. ते बायकोने ओढलं होतं.

हृदय थकल्यामुळे मास्तरांच्या फुप्फुसांत आणि पायांत पाणी साठलं होतं. पाच दिवस औषधं देऊन ते काढावं लागलं. आणखी दोन दिवस खुर्चीत काढले असते तर अवघड होतं, असं डॉक्टरबाई म्हणाल्या. मास्तर घरी गेले तेव्हा कंबर पूर्वीच्या मापाला आली होती आणि सैल केलेली पँट पुन्हा आत घ्यावी लागणार म्हणून ते कुरकुरत होते.

मग काय, मावशीला आकाश ठेंगणं झालं. तिने ही हकिकत लिफ्टमध्ये सांगितली, कॅन्टीनमध्ये सांगितली, एक्स-रे काढायला आलेल्या एका अनोळखी गृहस्थांना सांगितली. आम्हा भाचरांना तर पाठ झाली होती. त्यात दर वेळी मास्तरांची कंबर अर्ध्या इंचाने वाढायची. कागद बघितल्याचा भाग तेवढा ती गाळायची.

तीन आठवड्यांनी कोचना नऊ महिन्यांचा फोन करायचा दिवस आला. तिने नंबर लावला, लांबट हॅलो म्हटलं, घरी सगळे बरे ना विचारलं, आणि पेन 'हो'च्या चौकटीवर टेकवूनच ठेवलं. उत्तर आलं नाही. बराच वेळ आलं नाही. मग कोचची मुलगी म्हणाली की बाबांना जाऊन एकोणीस दिवस झाले. सकाळी तलावावर, शिट्टी गळ्यात घालताना. दुसरा अटॅक.

मावशीने जे बोलायचं ते बोलून घेतलं. मुलगी शांत होती. ती म्हणाली, तुमचा फोन बाबांना आवडायचा, लवकर आटपायचा म्हणून. मग म्हणाली, शेवटचे पंधरा-वीस दिवस तलावाच्या पायऱ्या चढताना ते मध्येच थांबायचे. कुणी नीट विचारलं असतं तरच सांगणाऱ्यातले होते ते.

फोन ठेवून मावशीने कोचचे जुने फॉर्म काढले. इतरांच्या फॉर्मवर समासात मुंगी शिरायला जागा नसे, इथे समास कोरा. नऊ खुणा, बस. सहाव्या महिन्याच्या फॉर्मवर तिच्याच अक्षरात होतं, 'ठणठणीत.' आपण काय विचारलं होतं ते तिला शब्दशः आठवलं. फॉर्मवर छापलं होतं, 'चढताना छातीत दुखतं का?' ती म्हणाली होती, "छातीत काही दुखतबिखत नाही ना?" असं विचारल्यावर कुठला भला माणूस हो म्हणेल?

ती उठली आणि डॉक्टरबाईंच्या खोलीत गेली. सगळं सांगितलं. कागद, पान उलटणं, मंगळवार, बायको, आणि हे दोन मिनिटांचे फोन. त्या दिवशी तिने पहिल्यांदा एखादी गोष्ट न वाढवता सांगितली असेल.

डॉक्टरबाईंनी मध्ये एकदाही तोडलं नाही. ऐकून झाल्यावर त्या म्हणाल्या, "मास्तर परत दाखल झाले तेव्हा मी लिहिलं, आकड्याने बरोबर ओळखलं. आता तुम्ही सांगताय की त्यांना तुम्ही पाठवलं. मग मी काय लिहू?"

डॉक्टरबाईंनी कागदाच्या मागे दोन चौकोन काढले. मोठा आकडा आलेले शंभर जण घेतले, त्या म्हणाल्या, तर वर्षात तीसेक परत येतील असा माझा अंदाज आहे. लहान आकड्याच्या शंभरातले पाच-सहा. अंदाज खरा की खोटा तेच तर शोधतेय. "पण पाच-सहा म्हणजे शून्य नाही, ताई. आकडा शंभर जणांबद्दल बोलतो. तुम्ही तो एकेका माणसाच्या कपाळावर वाचलात."

मी नीट विचारलं असतं तर कोच वाचले असते का, असं मावशीने विचारलं. डॉक्टरबाईंनी खोटं सांगितलं नाही. म्हणाल्या, माहीत नाही, मलाही नाही आणि कुणालाच नाही. मग स्वतःची पाण्याची बाटली तिच्यापुढे सरकवली आणि ती पाणी पिऊन होईपर्यंत खिडकीबाहेर बघत राहिल्या.

झालं ते डॉक्टरबाईंना वरच्या समितीला कळवावं लागलं. मास्तरांचं नाव हिशेबातून वेगळं काढलं. लॅबवाल्याला बोलणी बसली. पाठपुराव्याचे फोन दुसऱ्या विभागातल्या एका कारकुनाकडे गेले. तो छापलंय तेवढंच विचारायचा आणि दीड मिनिटात फोन ठेवायचा. हयात आहे का, हेही तो तसंच विचारायचा. पहिल्याच आठवड्यात अकरा पेशंटांनी तक्रार केली. डॉक्टरबाईंनी तक्रारी वाचल्या आणि कारकून तोच ठेवला.

मावशीला वाटलं, आपली नोकरी गेली. पण तिला दिलं नवं काम. अटॅकनंतर घरी जाणाऱ्या प्रत्येक माणसाजवळ आणि त्याच्या घरच्यांजवळ बसायचं आणि सांगायचं की रोज सकाळी वजन करा, दोन-तीन दिवसांत दोन किलो वाढलं, बूट घट्ट झाले, आडवं झोपवेना, पायऱ्यांवर थांबावं लागलं, तर ठरलेल्या तारखेची वाट बघू नका. हे सगळ्यांना सांगायचं, आकडा काहीही असो. ही शिक्षा की बढती, यावर ती आणि काका अजून वाद घालतात. गप्पा मारायला माणूस समोर आणि तोही पळून न जाऊ शकणारा, म्हणजे बढतीच, असं काकांचं म्हणणं.

एक गोष्ट मात्र तिने मनावर घेतली. प्रश्न सरळ विचारायचा, उत्तर आपण आधीच न सुचवता. त्याचा सराव तिने पुन्हा काकांवर केला. सकाळी चहाचा कप ठेवताना ती कोरड्या आवाजात विचारायची, "चढताना छातीत दुखतं?" काका म्हणायचे, तू असं विचारतेस की दुखावं असं वाटतंय. मग दोघांचं वाजायचं. पण एकदा असंच विचारल्यावर काका जरा घुटमळले आणि म्हणाले, दुखत नाही, गुडघा मात्र फार दुखतो. सहा महिने सांगितलं नव्हतं. तिने नाही ना, नाही ना करत विचारलं नव्हतं म्हणून की काय, सांगितलं.

कोचच्या घरी ती एकदा जाऊन आली. तिथे काय बोलणं झालं ते तिने आम्हाला सांगितलं नाही. एवढं बोलणारी बाई एवढ्याच बाबतीत गप्प आहे, म्हणून आम्हीही विचारत नाही.

डॉक्टरबाईंचं संशोधन पुरं झालं. मोठ्या आकड्याची माणसं जास्त संख्येने परत आली, लहान आकड्याची कमी, पण आलीच नाहीत असं नाही. म्हणजे आकड्याला कळतं, सगळं कळत नाही.

मास्तर अर्धा दिवस दुकान उघडतात. दुकानातच वजनकाटा ठेवलाय, रोज सकाळी त्यावर उभे राहतात आणि खडूने भिंतीवर आकडा लिहितात. गिऱ्हाइकाला ते कापडाचं माप वाटतं. मागच्या महिन्यात ते तपासणीला आले होते, बायको बरोबर होतीच. डॉक्टरबाईंनी पुन्हा रक्त तपासलं. आकडा बराच उतरला होता, अजून जास्तच होता, पण उतरला होता. आता संशोधन संपलं होतं, मास्तरांना त्यांचा जुना आकडाही सांगायला हरकत नव्हती. तो मावशीने सांगितला, सांभाळून, हात हातात घेऊन. आठ हजार एकशे चाळीस.

मास्तरांनी थोडा विचार केला. मग विचारलं, ह्याच्यावर कुणाचा होता का?

नव्हता, मावशी म्हणाली. दोनशे बारांत तुमचाच सगळ्यात मोठा.

मास्तर खूश झाले. शाळेत त्यांचा पहिला नंबर कधी आला नव्हता. रिक्षा मिळेपर्यंत त्यांनी ही बातमी फाटकावरच्या शिपायाला सांगितली, फळवाल्याला सांगितली, आणि बायकोने दंडाला धरून आत बसवलं तेव्हा रिक्षावाल्यालाही सांगायला सुरुवात केली होती.